डिस्टिलर मध्येच बंद पडतोय, पाणी कमी येतंय, टीडीएस वाढलाय: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

डिस्टिलर म्हणजे पाणी उकळून, वाफ गार करून क्षार नसलेलं पाणी देणारं मशीन. आधी लक्षणं सांगतो, तुमच्या मशीनचं यातलं कोणतं ते बघा.

मशीन चालू होतं, उकळी फुटते, आणि जारमध्ये दीड-दोन लिटर पडलं की टक्‌ आवाज येऊन बंद, आत निम्मं पाणी तसंच. सगळ्यात जास्त तक्रार हीच.

पूर्वी साडेचार-पाच तासात होणारं काम आता आठ-नऊ तास चालतं.

तोटीतून थेंबांऐवजी वाफ येते, मागची भिंत ओली होते, आणि चार लिटर ओतून तीनच लिटर हातात येतं.

पाणी व्यवस्थित पडतं पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला किती मिलिग्रॅम, ते दाखवणारा) १५-२० दाखवतो, किंवा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमधून, निघालेल्या हत्यारांवर पांढरे डाग दिसतात.

पाण्याला वास येतो, किंवा तळाशी काळे बारीक कण.

बटण दाबलं तरी काहीच नाही, फॅन पण नाही आणि लाईट पण नाही.

चालू केल्याबरोबर घराचा ईएलसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, किंवा स्टीलच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात. हे शेवटचं असेल तर मधलं काही वाचत बसू नका, सॉकेटचं बटण बंद करून प्लग काढा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

मी लातूरला डेंटल क्लिनिकची बारकी मशीनं दुरुस्त करतो, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर, आणि त्यांच्यासोबत हा टेबलावर बसणारा चार लिटरचा डिस्टिलर. घरीही हल्ली बरेच जण ठेवतात, कुणी इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी, कुणी झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायच्या सीपॅप मशीनच्या पाण्यासाठी. आमच्याकडे नळाला पाणी नसलं की बोअर आणि बोअर आटलं की टँकर, म्हणजे भांड्यात आज एक पाणी तर पुढच्या आठवड्यात दुसरंच, आणि मशीन बिचारं सगळ्यांचे क्षार पोटात घेतं. म्हणून तोच तोच फॉल्ट इतक्या वेळा काढलाय की एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

मशीन आतून साधं आहे. खाली स्टीलचं भांडं, त्याच्या बुडाला बाहेरून पक्कं बसवलेलं हीटर, बहुतेक साडेसातशे वॉटचं. वर झाकणात स्टीलच्या नळीचं वेटोळं, त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्या आणि एक फॅन. पाणी उकळतं, वाफ वेटोळ्यात शिरते, फॅनच्या वाऱ्याने गार होऊन थेंब होते आणि तोटीतून जारमध्ये पडते, क्षार खाली भांड्यातच राहतात. भांड्याच्या बुडाला बाहेरून एक थर्मोस्टॅट चिकटलेला असतो. भांड्यात पाणी आहे तोपर्यंत बूड शंभर डिग्रीच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की मात्र झपकन तापतं आणि थर्मोस्टॅट सप्लाय तोडतो. एवढं डोक्यात ठेवा, पुढचं बरंचसं यावरच उभं आहे.

आता तपासणी, फुकटातलं आधी.

प्लग, एक्स्टेंशन आणि व्होल्टेज

साडेसातशे वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर, फार नाही, पण हे मशीन मिक्सरसारखं दोन मिनिटं चालत नाही, पाच पाच तास सलग चालतं. त्यामुळे ढिल्या सॉकेटला ते सहन होत नाही. चालू करून अर्ध्या तासाने बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे. मशीनकडच्या बाजूला वायरीचं काळं कनेक्टर असतं, कॉम्प्युटरला असतं तसंच, त्याच्या भोकांत बघा, एखादं भोक पिवळं-तपकिरी पडलंय का, कडेचं प्लास्टिक फुगलंय का. तसं असेल तर नवी वायर घ्या. आणि एक्स्टेंशन बोर्डवर हे मशीन लावूच नका, भिंतीतल्या सॉकेटला लावा.

व्होल्टेजचं लोकांच्या लक्षातच येत नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १८० मिळत असेल तर साडेसातशे वॉटचं हीटर ४६० वॉटवर येतं, आणि भांड्यातून बाहेर जाणारी उष्णता तेवढीच राहते, त्यामुळे वेळ जवळपास दुप्पट. औशाकडच्या एका गावातून मशीन आलं होतं, "हीटर गेलंय, बदलून द्या" म्हणून. माझ्या टेबलावर पाच तासात चार लिटर पाडून दिलं त्याने. तिकडे संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसायचं, आणि हे लोक बॅच संध्याकाळीच लावायचे. सकाळी लावायला सांगितलं, काम झालं. सोपी खूण अशी की पूर्ण भरलेलं भांडं पाऊण तासाच्या आसपास उकळायला पाहिजे. दीड तास लागत असेल तर मल्टीमीटरने व्होल्टेज बघा, आणि ते मशीन चालू असताना बघा, लोड नसताना सगळं छानच दिसतं.

पाण्याचा हिशोब

स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घ्या. किती ओतलं, जारमध्ये किती आलं, भांड्यात किती उरलं, तिन्ही लिहा. चार ओतलं, अडीच आलं आणि दीड उरलं, तर मशीन मध्येच बंद पडतंय. चार ओतलं, तीन आलं आणि भांडं कोरडं, तर एक लिटर वाफ होऊन खोलीत गेली. या दोन्ही तक्रारी लोक "पाणी कमी येतंय" अशाच सांगतात, पण दोन्हीचं कारण वेगळं आणि उपाय पण वेगळा. पाच-दहा टक्के कमी येणं नॉर्मल आहे, तेवढ्यासाठी डोकं लावू नका.

वाफ जात असेल तर फॅन, पात्या, रबर

झाकणावरच्या फॅनला करंट देणारी एक छोटी वायर बॉडीतून वर येते. झाकण धुताना ती काढतात आणि परत लावताना अर्धवटच बसवतात. फॅन फिरत नाही, खाली हीटर मात्र चालूच, मग वाफ गार कुठून होणार. आधी ती वायर नीट दाबून बसवा. तरी फिरत नसेल तर प्लग काढून पेन्सिलने पातं ढकलून बघा. अडखळत असेल तर आत धूळ आणि तेलकट चिकटा बसलाय, घरात ओट्याजवळ ठेवलेल्या मशीनला हमखास. पेंटचा कोरडा ब्रश घ्या, वेटोळ्याच्या पात्यांमधून वरून खाली हलक्या हाताने फिरवा, पात्या पातळ असतात, वाकल्या की हवेची वाट बंद. फॅनच्या मागचं स्टिकर उचलून बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला तर काही महिने निघतात, पण एकदा कुरकुरायला लागलेला फॅन शेवटी बदलावाच लागतो. त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा घ्या, आणि वारा कुठल्या दिशेने जातो ते जुन्याचं बघून ठेवा, उलटा बसवला तर गार करत नाही.

मशीनच्या चारी बाजूंनी वीतभर तरी जागा सोडा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, त्या हवेने वाफ गार करायची म्हणजे फॅनला आधीच जड जातं, त्यात मशीन कपाटाच्या कप्प्यात घातलेलं असलं तर तोटीतून वाफ येणारच. ते बिघाड म्हणून माझ्याकडे आणू नका, जागा बदला, उन्हाळ्यात रात्री चालवा.

झाकणाच्या आतल्या रबरी रिंगवर क्षाराचे खडे बसतात आणि रिंग नीट टेकत नाही. काढा, कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून तासभर बुडवा, पुसून परत लावा. कडक होऊन चिरली असेल तर नवी.

मध्येच बंद पडत असेल तर क्षार

आता मुख्य गोष्ट.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चुनखडीच, आणि ती बुडाला थर धरून बसते. हिशोब करून बघा, ९०० टीडीएसचं चार लिटर पाणी म्हणजे साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त क्षार, एका बॅचचे. तीस बॅच झाल्या की शंभर ग्रॅमच्या वर. सगळे बुडाला चिकटत नाहीत, पण भांडं दर वेळी कोरडं होईपर्यंत चालवलं तर जातात तरी कुठे.

हा थर उष्णता अडवतो. खालून हीटर तापतंय, वर पाणी आहे, मध्ये चुनखडीचा पापुद्रा. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि बूड तापत जातं. थर्मोस्टॅटला पाणी दिसत नाही, त्याला फक्त बुडाचं तापमान कळतं, त्याला वाटतं पाणी संपलं, आणि तो तोडतो. तो त्याचं काम बरोबर करतोय. अशा वेळी "थर्मोस्टॅट खराब आहे" असं कुणी सांगितलं तर आधी भांड्यात बॅटरी मारून बघा.

एका डॉक्टर मॅडमचं मशीन आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "दोनदा थर्मोस्टॅट बदलला हो, महिनाभर चालतं आणि परत तेच." भांड्याचं बूड वरून बघितलं तर स्वच्छ करड्या रंगाचं दिसत होतं, कुणालाही स्टीलच वाटेल. नखाने टोकरलं तर टकटक असा मातीच्या खापरासारखा आवाज आला. तो सबंध थर होता, घासून घासून गुळगुळीत झालेला, नाण्यापेक्षा जाड. दोन रात्री लिंबूसत्वात ठेवल्यावर तो पापडासारखा सुटला आणि खालचं चकचकीत स्टील दिसलं. मशीन त्या दिवशी न थांबता शेवटपर्यंत चाललं, थर्मोस्टॅट तोच.

कसं काढायचं ते सांगतो. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एका लिटर पाण्याला दोन मोठे चमचे. थर बुडेल एवढंच पाणी घ्या. मशीन चालू करून पाणी चांगलं गरम होऊ द्या, हाताला चटका बसेल एवढं, आणि उकळायच्या आधीच बंद करा. खळाखळा उकळू नका, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पांढरा गाळ होऊन परत खालीच बसतं. बुडबुडे यायला लागतील, तो कार्बन डायऑक्साईड आहे, म्हणजे काम चालू आहे. रात्रभर ठेवा. सकाळी ओता, मऊ स्पंजने पुसा, उरलं असेल तर परत करा. जाड थराला दोन-तीन वेळा लागतं. नंतर दोनदा साध्या पाण्याने धुऊन एक छोटी बॅच चालवा आणि ते पाणी फेकून द्या.

बुडबुडे अजिबात येत नाहीत आणि थर तसाच, तर तो सल्फेटचा किंवा सिलिकाचा थर असू शकतो, लिंबूसत्वाला तो दाद देत नाही. त्याला घरात काही करत बसू नका.

संडास धुवायचं ॲसिड कधीही घालू नका. त्यातलं क्लोराईड स्टीलला बारीक भोकं पाडतं, आणि ते भोक हीटरच्या बाजूला उघडलं तर खेळ संपला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, तारेची घासणी नको. आणि धुताना बॉडी नळाखाली धरू नका, खाली वायरिंग आहे, आतल्या आत ओल्या कपड्याने पुसा. भांड्यात तांबूस डाग असतील तर घाबरू नका, बोअरच्या पाण्यातलं लोखंड असतं ते, स्टील गंजलेलं नसतं बहुतेक, लिंबूसत्वाने तेही जातं.

थर परत बसू नये म्हणून एकच सवय लावा. शेवटचं अर्धा लिटर पाणी आटवू नका, जारमध्ये सव्वातीन लिटर पडलं की बंद करा आणि गार झाल्यावर उरलेलं पाणी ओतून द्या, त्यावरच नवीन पाणी टाकू नका. विरघळलेले क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. मला माहितीय, २०१६ साली ज्या शहरात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला पाणी फेका म्हणून सांगणं जड जातं, माझ्याही जिवावर येतं. मी ते पाणी बादलीत साठवतो आणि फरशी पुसायला वापरतो. झाडांना मात्र नको, खार उतरतो. घरात आरओ असेल तर डिस्टिलरला आरओचंच पाणी द्या, थराचा त्रास खूपच कमी होतो.

टीडीएस जास्त येत असेल

मशीनला दोष द्यायच्या आधी जार बघा. जार बोअरच्या पाण्याने धुतला आणि तळाला पन्नास मिली पाणी राहिलं, तर ९०० टीडीएसच्या हिशोबाने चार लिटरमध्ये त्याचेच ११ होतात. जार आधीच्या डिस्टिल्ड पाण्याने विसळा, मीटरची टोकं पण त्याच पाण्याने विसळा, आणि पाणी गार झाल्यावरच मोजा.

मग तोटीतली कोळशाची पुडी. नवीन पुडी स्वतःच थोडे क्षार सोडते आणि फाटली की काळे कण पडतात. पुडी काढून एक बॅच करा, टीडीएस खाली आला तर कारण मिळालं. बॅटरी आणि ऑटोक्लेव्हसाठी तशीही पुडी लागत नाही. वासासाठी ती असते, वास येत असेल तर पुडी नवीन घाला आणि सुरुवातीचं ग्लासभर पाणी टाकून द्या, वासाचे पदार्थ बरेचसे पहिल्याच वाफेत निघून येतात.

तरी जास्तच असेल तर उकळताना पाणी उडून वेटोळ्यात जातंय. भांडं खुणेच्या वर भरलंय, किंवा साबणाचा अंश राहिल्याने फेस होतोय. तोटी अधूनमधून पिचकारीसारखं पाणी टाकत असेल तर हेच. खुणेच्या बोटभर खाली भरा. चांगल्या मशीनचं पाणी १ ते ५ च्या आत येतं, शून्यच आलं पाहिजे असा हट्ट नको.

काहीच चालू होत नसेल

मागे किंवा खाली रिसेटचं बटण असतं, मशीन पूर्ण गार झाल्यावर दाबा, बोटाला टक्‌ लागलं पाहिजे. गरम असताना ते बसतच नाही आणि लोक समजतात मशीन गेलं. पुढच्या बॅचला परत उडालं तर बटण दाबत राहू नका, वरचं क्षाराचं बघा.

यापुढे बॉडी खालून उघडावी लागते, आणि ते ज्याला मल्टीमीटर वापरता येतो त्यानेच करायचं, प्लग काढून, भांडं रिकामं आणि गार असताना. वॉरंटीत असेल तर उघडूच नका. वायर, थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज एकेक करून कंटिन्युटीवर बघा, बीप नाही तो तुटलेला. थर्मल फ्यूज एकदाच उडतो, परत जुळत नाही. थर्मोस्टॅट असो की फ्यूज, त्यावर डिग्री आणि अँपिअर छापलेलं असतं, दोन्ही आकडे तेच पाहिजेत, दुकानदार "हा पण चालतो" म्हणाला तरी घेऊ नका. हीटरच्या दोन टोकांत साडेसातशे वॉटला ७० ओहमच्या आसपास येतं, ५८० वॉटला ९१. काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलं.

थर्मोस्टॅट डायरेक्ट करायचा नाही, म्हणजे तो वगळून त्याच्या वायरी एकमेकींना जोडायच्या नाहीत. चेक करायला पण नाही, आजच्या दिवसापुरतं पण नाही. माझ्याकडे असं एक मशीन आलं होतं, दोन वायरी पिळून काळी टेप गुंडाळलेली. रात्री लावून माणूस झोपला, पाणी संपलं, हीटर चालूच. भांड्याचं बूड निळं-जांभळं पडलेलं, रबरी रिंग जळून पावडर झालेली, आणि प्लास्टिकचं झाकण एका बाजूने खचून आत आलेलं. धुराच्या वासाने त्यांच्या आईला जाग आली म्हणून निभावलं.

इथे थांबा

झिणझिण्या येत असतील, ईएलसीबी पडत असेल, बॉडीखालून पाणी पाझरत असेल, वायरींचं इन्शुलेशन जळलेलं दिसत असेल, बूड फुगलं असेल, किंवा पाणी संपूनही मशीन बंद होत नसेल, तर तुमचं काम संपलं. ईएलसीबी पडतो म्हणून मशीन दुसऱ्या, ईएलसीबी नसलेल्या लाईनवर लावून बघणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका. हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साईडची पावडर भरलेली असते, ती ओल धरते आणि करंट बॉडीत उतरतो, कधी कधी गार असताना मल्टीमीटरला सगळं ठीक दिसतं आणि तापल्यावरच लीक होतं. ते मेगरने, म्हणजे इन्शुलेशन तपासायच्या मीटरने, तपासावं लागतं आणि मेगर घरी नसतो. बॉडीत करंट येतोय म्हणजे सॉकेटचं अर्थिंगही तुटलेलं असू शकतं, म्हणून आधी वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या आणि मग मशीन सर्व्हिसला द्या. नाहीतर दुरुस्त झालेलं मशीन परत त्याच सॉकेटला लागतं.

देताना प्लेटवरचे वॉट आणि व्होल्टेज, पाण्याचा टीडीएस, आणि वर लिहायला सांगितलेले पाण्याचे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा, आमचा अर्धा दिवस वाचतो. हीटर किंवा त्याच्या बाजूचं बूडच गेलं असेल तर बहुतेक मशीनमध्ये ते भांड्यापासून वेगळं होत नाही, खालची सगळी बॉडी बदलावी लागते आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. तसं झालं तरी झाकण भंगारात टाकू नका. वेटोळं आणि फॅन शाबूत असतात, त्याच मॉडेलवाल्या दुसऱ्या कुणाचा फॅन जातोच, माझ्या कपाटात अशी चार झाकणं ठेवलेली आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यातलं एखादं कामाला येतं.